दाजींना वाचून दाखव

४ जून

ती. ताईस,
प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि उत्तर आज लिहितोय. समोर असतो तर कान धरला असतास. तिसऱ्या दुकानाचं काम काढलंय, त्यामुळे जेवणसुद्धा उभ्याउभ्या चाललंय. घरात एक न्हाणीघर असताना लोक दुसरं कशाला बांधतात हे मला आजवर कळलेलं नाही, पण बांधतात, आणि टाइल्स आणि नळ माझ्याकडून नेतात. आमच्या नव्या घरात मीच तीन बांधली. बायको म्हणते, माणसं दोन आणि नळ अकरा, पुसायचे कोणी? तू एकदा ये आणि एकेक नळ सोडून बघ. दोन खोल्या आणि सकाळी तासभर पाणी, एवढ्या जोरावर तू स्वतःला संतीण समजायला लागली आहेस, तो ताठा जरा उतरेल.

आता कामाचं. मागच्या पत्रात तू अगदी ओझरतं लिहिलंस, की दाजींच्या डोळ्यांतला दाब औषधाच्या थेंबांनी उतरत नाही आणि छापखान्यात त्यांना जुळणीवरून काढलंय. तीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवलेल्या माणसाची ही गोष्ट एका ओळीत उरकायची असते का? मी इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना भेटून आलो. या रोगात गेलेली नजर परत येत नाही, पण ऑपरेशन वेळेवर झालं तर उरलेली राखता येते, असं ते म्हणाले. वेळेवर म्हणजे याच महिन्यात. सगळा खर्च मी करणार, त्यावर वाद नको. हे दाजींना वाचून दाखव. त्यांनी हो म्हटलं की दुसऱ्या दिवशी गाडी दारात उभी करतो.

छोटीला तिच्या मामाचे लाड. रागाव हवी तेवढी, माया मात्र आटू देऊ नकोस.

तुझा,
भिंगरी


१५ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. रोजच्यासारखं जेवण झाल्यावर ह्यांना वाचून दाखवलं. हल्ली घरातलं सगळं टपाल मीच वाचते. हे डोळे मिटून ऐकतात आणि मध्येच बरोबर ठिकाणी हसतात. अकरा नळांवर तर इतके हसले, की ठसका लागला.

ऑपरेशनच्या गोष्टीवर आम्ही दोघांनी मिळून प्रार्थना केली. ह्यांचं म्हणणं असं पडलं, की प्रभूने जेवढा उजेड दिला तेवढा पुरे. अंगावर कपडा आहे, पोटाला अन्न आहे, लेक गुणी आहे. याच्यापलीकडे हात पसरायचा नाही, असं दोघांच्याही मनाने घेतलं. तुझा राग आला असं मुळीच समजू नकोस. पण पैसे नकोत.

बाइंडिंग खात्यात सध्या शाळेच्या पुस्तकांची गर्दी आहे. छापील पानांचे फर्मे मोजून मोजून बोटं सुजलीत. एक जरी फर्मा शिवायचा राहिला, तर अख्खा गठ्ठा परत येतो. माझ्या टेबलावरून गेलेला एकही आजवर परत आलेला नाही, हे जाताजाता सांगते, कारण तू माझं कौतुक कधी करणार नाहीस. पाळकसाहेबांनी महिला मंडळात समाधानावर साक्ष द्यायला यंदाही मलाच उभं केलं. दोन बायका रडल्या. तूही एखाद्या रविवारी उपासनेला जात जा. शेवटच्या बाकावर बसलास तरी चालेल.

वहिनीला आशीर्वाद. आमच्यावर आहे तो जीव तसाच राहू दे.

तुझी,
ताई


२० सप्टेंबर

ती. दाजींस,
प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

तुम्हाला स्वतंत्र पत्र मी आज पहिल्यांदाच लिहितोय, त्यामुळे ताईला आधी पाणी द्या आणि मग वाचायला बसवा.

जूनमध्ये ताईने तुमचा निरोप कळवला. प्रभूने जेवढा उजेड दिला तेवढा पुरे. खरं सांगतो, आधी मी भडकलो. वाटलं, हे दोघं मला हिणवतायत. पत्र गल्ल्यात टाकलं आणि गिऱ्हाईक बघायला लागलो. पण ते वाक्य काही पाठ सोडेना. ज्या माणसाचं पोट डोळ्यांवर, त्याचेच डोळे चाललेत आणि तो पुरे म्हणतो. आणि मी दोन दुकानं चांगली चालत असताना तिसऱ्यासाठी पोटात आग घेऊन हिंडतोय. मला कोणी पुरे म्हणायला शिकवलंच नव्हतं. बाबा शिकवत होते, तेव्हा मी पळत होतो.

तिसरं दुकान मी सोडलं. भागीदार म्हणतो माझं डोकं फिरलंय. आता दुपारी घरी जाऊन जेवतो. पहिल्या दिवशी बायकोने कपाळाला हात लावून ताप बघितला. रविवारी शेवटच्या बाकावर बसतो, ताईला सांगा. झोप लागते, दाजी. सात वर्षांत अशी लागली नव्हती. हे सगळं तुमच्यामुळे झालं. तुम्हाला मोठेपणा नको असतो, म्हणून आभार पत्रातच मानतो.

आता डोळे कसे आहेत ते दोन ओळींत कळवायला सांगा, आणि या नव्या विद्यार्थ्यावर लक्ष असू द्या.

तुमचा,
भिंगरी


२९ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,
स. न. वि. वि.

अक्षर छोटीचं, बोलणं माझं. ती मध्येमध्ये रडतेय, त्यामुळे काही ओळी वाकड्या गेल्या असतील.

तुझं पत्र आलं तेव्हा तुझी ताई महिला शिबिराला तीन दिवस गेली होती. म्हणून छोटीने वाचलं. तू आभार कशाचे मानतोयस तेच मला कळेना. तिला परत वाचायला लावलं. मग कपाटातून तुझं जूनचं पत्र काढायला सांगितलं. ते मी ऐकलेलं होतं, पण अकरा नळांपर्यंत, आणि मग एकदम छोटीचे लाड. मध्ये माझ्या डोळ्यांबद्दल अख्खा परिच्छेद आहे, हे मला परवा कळलं.

तेव्हा तुझा गैरसमज दूर करतो. मला कोणी काही विचारलं नाही. आम्ही या गोष्टीवर प्रार्थना केली नाही. उजेडाचं ते वाक्य चांगलं आहे, पण माझं नाही.

मी असमाधानी आहे असं मात्र समजू नकोस. मोठं घर मला कधी नको होतं. जुळणीवरून काढून खिळे आपापल्या खणांत परत टाकायला बसवलं, तेव्हाही मी कुरकुरलो नाही. कुठला खण कुठे आहे हे हातांना पाठ आहे, काम निभतं, आणि संध्याकाळी घरी यायला बरं वाटतं. एवढ्यावर मी सुखाने राहिलो असतो आणि राहीनही. पण बघावंसं वाटणं ही हाव नव्हे. प्रभूने जे दिलं ते सांभाळायचं का नाही, हे मला तरी विचारायचं. कदाचित मी नाहीच म्हटलं असतं, मी भित्रा माणूस आहे. पण ते नाही माझं असतं.

काल दवाखान्यात जाऊन आलो. डावा डोळा गेला. उजव्याने नळीतून बघावं तसं मधलंच तेवढं दिसतं. डॉक्टरांनी विचारलं, जूनपासून का आला नाहीत? छोटी माझ्याकडे बघत असेल. मी फी किती ते विचारलं.

आता आडपडदा न ठेवता मागतो. मला तुझे पैसे हवेत. गाडी पाठव. छोटी माझ्याबरोबर येईल. तुझ्या ताईला मी घरी राहायला सांगितलं आहे.

तुझं दुकान सोडणं चुकलं असं मनात आणू नकोस. लोभ आहे म्हणूनच इतकं सरळ लिहिलं.

तुझा,
दाजी


३० ऑक्टोबर

ती. ताईस,
सलाम लिहायला हात उचलत नव्हता, तरी लिहितो. वि. वि.

ऑपरेशन झालं. डाव्याचं काही करता येण्यासारखं उरलं नव्हतं. उजव्याला हातभर अंतरावरचं, तेही मधलंच दिसतं. तेवढं टिकेल असं डॉक्टरांना वाटतं, पण खात्री देत नाहीत. जूनमध्ये देत होते. पट्टी काढल्यावर दाजींनी छोटीला अगदी जवळ बसवलं आणि तिचा चेहरा तुकड्यातुकड्यांनी बघितला. आधी कपाळ, मग एक डोळा, मग हनुवटी. ती हलली तर म्हणाले, थांब, नाक राहिलं. मी उठून बाहेर गेलो.

मी तुला आयुष्यभर संतीण म्हणून चिडवलं, ताई, पण मनातून मानत होतो. त्याचीच लाज वाटते. तुला माझे पैसे नको होते तर तुझ्यापुरते नको म्हणायचं होतंस. दुसऱ्याचे डोळे देऊन स्वतःला साधी म्हणवून घ्यायचं, याला काय म्हणतात ते तुझ्या मंडळाला विचार.

आणि माझं काय? मी त्या एका वाक्यावर दुकान सोडलं. वाक्य खोटं निघालं. आता रविवारी त्या बाकावर बसलो की वाटतं, मला फसवून इथे बसवलंय. झोप मात्र अजून लागते, आणि त्याचाही राग येतो.

दाजींना विचारलं, ताईचं आता काय करायचं? म्हणाले, ती माझी बायको आहे, तिचं करायचं काय असतं! पुढच्या आठवड्यात त्यांना पोचवतो. मी जिना चढून वर येणार नाही.

बहीण आहेस, म्हणून खाली नाव लिहितो.

भिंगरी


३ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. घेशील अशी आशा आहे.

तुला उत्तर लिहायला पाच आठवडे लागले. चार कागद फाडले, कारण चारही वेळा मी रडत होते आणि शेवटी चांगली ठरत होते.

जसं घडलं तसं सांगते. तुझं पत्र वाचत मी त्या परिच्छेदाशी आले आणि मला एकदम दिसलं, की उद्या चर्चच्या मंडळीत सगळे म्हणणार, हिच्या नवऱ्याचे डोळे फरशीवाल्या भावाने करून दिले. बाबांच्या आजारपणात तू पाकीट पाठवायचास आणि उशाशी बसायचे मी. तेव्हापासून तुझ्या पैशांना शिवायचं नाही, हीच माझी शेखी. माझ्याकडे दागिना नाही, घर नाही, पण ही एक गोष्ट होती, आणि ती मी कोणाहीपेक्षा हावरेपणाने जपली. डोळा त्या ओळींवर होता आणि तोंडाने मी खालचा छोटीचा मजकूर वाचून मोकळी झाले. जन्मभर फर्मे मोजले रे, आणि घरात एवढा गाळला. हे ठसका आवरत होते, त्यांना काहीच कळलं नाही. उद्या सांगू, असं मी सप्टेंबरपर्यंत म्हणत राहिले.

मंडळात मी उभी राहिले आणि हे सगळं सांगितलं. कोणी रडलं नाही. अध्यक्षीणबाईंनी घाईघाईने गीत सुरू केलं. आता तिथे माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते.

तुला एकच विनवणी आहे. माझं खोटं होतं म्हणून तुझं टाकू नकोस. तुझ्या दुपारच्या जेवणाला माझं वाक्य लागत नाही. वहिनीने ह्यांच्याबरोबर ऊबदार पांघरूण पाठवलं, ते मी परत केलं नाही. रोज घेते. इतक्या वर्षांत तुमच्याकडून घेतलेली ही पहिली वस्तू, आणि ती घेताना मी लहान झाले नाही. हे मला आधी कळायला हवं होतं.

हे माझ्याशी नीट वागतात. चहा हातात दिला की बरं म्हणतात. टपाल आता छोटीच वाचते, पण रात्रीचा शास्त्रपाठ अजून मीच वाचते, कारण त्यांनी तसं सांगितलं. वाचून झालं की मी थांबते, आणि मग हे विचारतात, एवढंच होतं का? आवाजात राग नसतो. टोमणाही नसतो, मी नीट ऐकते. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं असतं. मी म्हणते, हो, एवढंच होतं. मग हे छोटीकडे तोंड वळवून बसतात आणि ती पान बघून हो म्हणेपर्यंत प्रार्थनेला डोळे मिटत नाहीत.

जमेल तेव्हा, जमेल तेवढा जीव लाव. मागायचा हक्क राहिला नाही, तरी मागते.

तुझी,
ताई