चौथं टर्मिनल

३ जून, सोमवार
रुग्णालयाचे संगणक सांभाळण्याच्या नव्या नोकरीचा पहिलाच दिवस, आणि या रुग्णालयाने माझ्यावर घोर अन्याय केला. ज्या खिडकीत आज्ञा टंकायच्या आणि यंत्राने त्या निमूट पाळायच्या, ते माझ्या संगणकावरचं टर्मिनल जोडाक्षरं फोडून दाखवतं. ‘रुग्ण’ शब्दाचे हातपाय वेगवेगळे पडलेले दिसतात. तीस वर्षं संस्कृत व्याकरणाची सेवा केलेल्या माणसाने हे उघड्या डोळ्यांनी पाहायचं? बाकी सर्व उत्तम. खोली हवेशीर, खुर्ची फिरती, शेजारची सहकारी तोंडाने तिखट. म्हणाली, काका, यंत्राचं शिक्षण कमी आहे, सांभाळून घ्या त्याला.

४ जून
टर्मिनलांचं स्वयंवर मांडलं. पहिलं चपळ, पण अक्षरशत्रू. दुसरं रूपवान, मात्र उघडायला नवरदेवाइतका वेळ घेतं. तिसऱ्यात जोडाक्षरं अखंड, टॅबही आहेत; वरमाला त्याच्या गळ्यात पडली. माझ्याआधीच्या गृहस्थांनी सरावाच्या यंत्राची खिडकी काळी आणि रुग्णांच्या नोंदी असलेल्या खऱ्या यंत्राची लालभडक ठेवली होती. डोळ्यांना टोचते म्हणून मी दोन्ही गडद निळ्या केल्या. सहकारी म्हणाली, लाल राहू द्या हो, तो रंग हौसेचा नाही. मी म्हटलं, ताई, मी काही बैल नाही, रंग पाहून शहाणा व्हायला. ती हसली. मीही.

६ जून
सरावाच्या यंत्रावरचा एक फोल्डर पुसायचा होता. पुसला. मग वरचं नाव वाचलं. खिडकी खऱ्या यंत्राची होती.
कोणत्या रुग्णाला कोणतं औषध सोसत नाही, त्या एकशे बारा नोंदी गेल्या. राखीव प्रत काढणं माझंच काम. येत्या सोमवारपासून काढणार होतो. मेट्रनबाई धावत आल्या. यंत्राची डिस्क आपोआप बिघडली, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही तरी काय करणार भाऊ, परवा तर आलात. वर माझ्यासाठी चहा पाठवला. तो मी प्यायलो.

७ जून
परिचारिका खाटेखाटेपाशी जाऊन पुन्हा विचारत आहेत. सातव्या खाटेवरच्या आजी अर्धांगवायूपासून बोलत नाहीत. नातेवाईक कुणी नाही. त्यांच्या नावापुढे ‘माहीत नाही’ लिहिलं गेलं.
दुपारी टर्मिनल उघडलं, तर पहिली ओळ आधीच हजर: खाट ७ — पेनिसिलिन नको.
मी टंकली नव्हती. पुसली. परत आली.

८ जून
तिसरं काढून टाकलं. चौथं आजच उतरवून घेतलं, कोरं करकरीत. वेग पाहिला नाही, अक्षरं पाहिली नाहीत. उघडलं — तीच ओळ. सहकारीला बोलावलं. तिला रिकामी खिडकी दिसली. म्हणाली, काका, तुमचा चेहरा बघा आधी, घरी जा. गेलो नाही. घरी बायको विचारेल, काय झालं. तिच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलेलं नाही.

१० जून, सकाळी
थांबत नाही आता. खाट ७. खाट ७. ओळी वर सरकत आहेत — संगणक बंद आहे — वायर काढून हातात धरली आहे, तरी —

साडेदहा
सहकारी सहज सांगून गेली. आजींना न्यूमोनिया झालाय. डॉक्टरांनी पेनिसिलिन लिहिलंय, अकराला देतील.
बरं, म्हणालो. एवढंच म्हणालो.
फोन समोर आहे. सांगितलं तर विचारतील, तुम्हाला कसं कळलं. मग डिस्क कुठे आहे, दाखवा —

अकराला दहा कमी
ओळी थांबल्या. पडदा काळा, स्वच्छ. आता मला कुणी सांगत नाही.
वाटत होतं, मी त्या ओळींना घाबरतो. नाही. ओळ खरी आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तरी तीन दिवस मी फक्त ती दिसू नये म्हणून धडपडलो. भीती याची वाटते, की अकरा वाजतील आणि मी इथेच बसून असेन, लिहीत —
फोन लावला. मेट्रनबाईंनीच उचलला. म्हणाल्या, बोला ना भाऊ. मी म्हणालो, डिस्क बिघडली नव्हती, मी —