खोडलेले बाण

सिस्टर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही. नववीत कांद्याचा पापुद्रा स्लाइडवर ठेवला आणि रंग टाकायच्या आधीच मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. पेशीच्या कडेकडेने बारीक कण सरकत होते. जर्नलमध्ये मी बाण काढून ते दाखवले. तुम्ही लाल पेनाने एकेक बाण खोडलात. "का, सिस्टर?" विचारलं तर साऱ्या वर्गासमोर म्हणालात, "पुस्तकात आहेत का बाण? मनाचं काढू नकोस." अहो, रंगाने पेशी मरते. पुस्तकातली पेशी मेलेली होती, ती काय हलणार?

परवा भावाची मुलगी मला तिच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. सक्करदऱ्याच्या घरून स्कूटरवर, या वयात. अंधाऱ्या खोलीत तिने मला स्टुलावर बसवलं. मायक्रोस्कोपला डोळा लावला, तर खाली हिरवे ठिपके पळताहेत, थबकताहेत, वळताहेत.

"कोणता रंग टाकला वं?"

"रंग नाही, आत्या. जेलीफिशच्या एका प्रथिनाचा जीन या पेशीतल्या प्रथिनाच्या जीनले जोडला. आता पेशी स्वतःच चमकणारं प्रथिन बनवते. निळा उजेड टाकला का हिरवी दिसते. अन् जिवंत राह्यते."

डोळा स्थिर ठेवा, घाई करू नका, हे तुमचंच शिकवणं. म्हणून मी बघत बसले. हिरवं फिकट होत होत नाहीसं झालं.

"आत्या! काहून इतका वेळ पाहून राहिली? त्या उजेडानंच चमक जाते. पाहून पाहून विझवलं तू!"

"मंग आधी सांगाचं ना! मले का सपन पडते?"

ती पोट धरून हसली आणि दुसरी प्लेट लावली. या खेपेला मी शहाण्यासारखं थोडं थोडं पाहिलं. जिवंत पेशीत हलतं, सिस्टर. माझे बाण बरोबर होते. घरी येऊन दोन कप चहा प्यायले, इतकी खूश होते, आणि तुमच्या नावाने हे लिहायला बसले.

पाठवायचं तर नाहीच, तेव्हा एक सांगून टाकते. पुढे मीही शाळेत जन्मभर हाच विषय शिकवला. वेळ वाचावा म्हणून तास सुरू व्हायच्या आधीच सगळ्या स्लाइडवर रंग टाकून ठेवायची. माझ्या मुलींनी काही हलताना पाहिलंच नाही. मला कुणाचं काही खोडावंच लागलं नाही.