भावनांचा तास

सोमवार, ३ फेब्रुवारी

आलं माझ्याच गळ्यात! 'भावनिक बुद्धिमत्तेतून नेतृत्व' – कॉलेजच्या विद्यार्थी मंडळाच्या पोरांना शिकवायचं. कुणी? तर मी, रसायनशास्त्राच्या बाईने! प्राचार्य म्हणतात, "मॅडम, मुलं तुम्हाला टरकून असतात. वर्ग शांत राहील." घरी सांगितलं तर हे इतके हसले की चहा नाकात गेला. "तू? भावना?" – पुढे बोलले नाहीत. शहाणे आहेत.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पहिला तास. म्हटलं, आत्ता काय वाटतंय ते एका शब्दात सांगा. पहिला म्हणाला, "ठीक." मग काय – ठीक, ठीक, ठीक! मागच्या बाकावरचा म्हणाला, "भूक." भूक ही भावना नव्हे, यावरच निम्मा तास वाद. त्यापेक्षा आम्ल ओतणं सोपं.

सोमवार, १० फेब्रुवारी

शेजारच्या शाळेची लहान मुलं आमची प्रयोगशाळा बघायला येणार आहेत. तो दिवस आखायचं काम वर्गाला दिलं. मंडळाचा अध्यक्ष टेबलावर चढायचाच काय तो राहिला. "तू हे कर, तू ते कर!" दुसऱ्याचं ऐकणं नाहीच. घसा फोडून सांगितलं – आधी ऐकून घ्या. तक्रार असेल तर ज्याची त्याच्या तोंडावर सांगा, पण अपमान न करता. सगळ्यांनी माना डोलावल्या. कानात बोळे असणार.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

डोकं फिरलं आज. मंडळाची सचिव – मी मनात तिला पुटपुटी म्हणते – पहिल्या बाकावर बसूनही हिचा शब्द ऐकू येत नाही. लहान मुलं काचसामानाजवळ गेली तर काय, असलं काहीतरी सांगत होती. मी कडाडले, "मोठ्याने बोल! पुढारीपण करायला निघालीस आणि आवाज फुटत नाही?"

ती खाली बसली. डोळे भरले होते. त्यानंतर कुणी तोंड उघडलं नाही. अध्यक्षानेसुद्धा! वर्ग अगदी शांत. प्राचार्य खूश झाले असते.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

हे म्हणाले, "घरात वर्गातल्यासारखी बोलू नकोस." मी वर्गात कशी बोलते, यांना काय माहीत!

सोमवार, १७ फेब्रुवारी

तास संपल्यावर सगळे स्टाफरूमच्या दारात. मी म्हटलं, आता काय नवीन? अध्यक्ष बोलेल असं वाटलं. तो बाजूला सरकला. पुढे आली पुटपुटी.

"मॅडम, आत येऊ? पाच मिनिटं मिळतील का?"

आवाज तसाच बारीक. पण मला प्रत्येक शब्द ऐकू आला. कारण बाकी सगळे गप्प होते. माझ्यासकट.

"तुम्ही आमच्यासाठी जीव तोडता, ते दिसतं. पण तुमच्या तासाला बोलायची भीती वाटते. हा वर्ग दुसऱ्या कुणाला द्यावा, असं आम्ही प्राचार्यांना सांगणार आहोत. तुम्हाला ते बाहेरून कळू नये, म्हणून आधी इथे आलो."

माझा पारा चढला. "झालं सांगून?"

वाटलं, आता पळतील. ती हलली नाही. म्हणाली, "आमचं झालं. आता तुम्ही बोला, मॅडम. आम्ही ऐकतो."

ओरडायला म्हणून तोंड उघडलं. एवढंच जमलं – "वाईट वाटलं." कुणी हसलं नाही. अध्यक्षाने मुकाट्याने खुर्ची पुढे केली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मुलांच्या आधी मीच प्राचार्यांकडे गेले. म्हटलं, वर्ग दुसऱ्याला द्या. त्यांनी सुस्कारा सोडला. "म्हणजे पोरं काही शिकली नाहीत म्हणायची!"

"शिकली," मी म्हटलं. "पहिला प्रयोग माझ्यावरच केला!"