पेरूखालचे एकोणीस अंश

१२ एप्रिल

आलो एकदाचे. पुण्यातल्या मित्रांनी असा निरोप दिला होता, जणू मी वनवासाला निघालोय. प्रत्यक्षात शेंद्र्याच्या कारखान्यातलं वरचं पद, हर्सूलच्या अंगाला भाड्याचा बंगला, आणि पुण्यात ज्याला लोक बाग म्हणतात तेवढी इथे नुसती गाडी लावायची जागा. बायको, अश्लेषा, चप्पल न काढताच मागच्या अंगणात पळाली. एक पेरू, दोन लिंबं, कढीपत्ता, आणि बाकी सगळी मोकळी काळी जमीन. ती घरूनच ऑनलाइन शिकवते, त्यामुळे दुपारी बहुतेक मोकळी. भाज्या लावणार म्हणते. लावू दे.

सामान उतरायच्या आत शेजारचे तात्यासाहेब हजर. जटवाड्याकडची जमीन प्लॉट पाडून विकली आणि आता दिवसभर फेटा बांधून लोकांच्या घरात बसतात. हा माणूस बोलत नाही, सभा घेतो. दोन कप चहा पिऊन, आमचा सोफा दाबून बघून, जाताना म्हणाले की पेरूखाली काही लावू नका, ती जागा लई गार हाय. बाहेर एक्केचाळीस अंश, आणि यांची तक्रार काय, तर जागा गार आहे. मी हसू दाबलं. अश्लेषाने मात्र संध्याकाळीच तिथे खुर्ची नेऊन ठेवली.

१८ एप्रिल

गवारीची रोपं कोणीतरी मुळापर्यंत खाल्ली. अश्लेषाचं तोंड एवढंसं झालं. यावर इथल्या विद्वानांची मतं अशी. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या गीताबाई म्हणतात साळिंदर असंल. तात्यासाहेब म्हणतात रानडुक्कर, कुंपणाला जुनी लुगडी बांधा. त्यांच्या स्वतःच्या कुंपणाला अशी सहा-सात लोंबतायत, धोब्याचं दुकान वाटतं. कारखान्यातला एकजण म्हणाला, बाटलीत लाल पाणी भरून टांगा.

लाल पाणी. मी अभियंता आहे, आणि मला लाल पाणी टांगायला सांगतात.

उष्णतेवरून प्राणी टिपणारी यंत्रणा मी घरीच बांधणार. सेन्सर ऑनलाइन मागवलाय.

२४ एप्रिल

झाली. एक नखाएवढा सेन्सर, एक छोटा बोर्ड, आणि पावसापाण्यापासून आडोसा म्हणून माझा जुना जेवणाचा डबा, भोक पाडून. डबा गच्चीच्या कठड्याला, तोंड बागेकडे, वायर खाली माझ्या खोलीत लॅपटॉपला. पडद्यावर चौकोनांची जाळी दिसते. प्रत्येक चौकोनात जे काही असेल त्याचं सरासरी तापमान, गरम ते पिवळं, गार ते निळं. कोणी आलं की त्याचा ओबडधोबड आकार दिसतो. तात्यासाहेबांना दाखवलं. त्यांनी विचारलं, यात बातम्या दिसतात का.

एक गंमत मात्र इथेच कळली. पुस्तकात प्राणी गरम आणि जमीन गार. इथे दुपारी जमीन पंचावन्नला जाते. त्यामुळे जिवंत प्राणी पडद्यावर निळा दिसतो. हे गाव विज्ञानालासुद्धा उलटं टांगतं.

२७ एप्रिल

चोर पकडला. रविवारची दुपार, सगळी आळी झोपलेली. भिंतीवरून एक निळा ठिपका उतरला, चार पायांवर चालत दोडक्याच्या वेलाशी गेला. खिडकीतून पाहिलं तर तात्यासाहेबांची शेळी. रानडुक्कर म्हणे. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि सगळ्यांदेखत चित्र दाखवलं. त्यांच्या सुनेने तोंडाला पदर लावला. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

फक्त एक दोष राहिलाय. पेरूखाली एक गडद निळा डाग येतो, दुपारभर हलत नाही. आकडा एकोणीस. सावलीतली मातीसुद्धा अडतीसच्या खाली जात नाही. सेन्सरचे ते चौकोन मेलेले असणार. स्वस्त माल.

३० एप्रिल

डब्याचं तोंड फिरवलं. मेलेले चौकोन असते तर डाग पडद्यावर जागच्या जागी राहिला असता. तसं झालं नाही. तो पेरूखालीच राहिला. जमिनीखाली ओल असावी.

अश्लेषा दुपारी तिथेच बसते. म्हणते, घरात कूलर लावून जीव जातो, इथे किती छान गार आहे. तिला ओलीचं शास्त्र समजावून सांगितलं. ऐकता ऐकता झोपली.

३ मे

तात्यासाहेबांची शेळी पेरूखाली मेली. आमच्यावर विष घातल्याचा आरोप येणार म्हणून मीच उचलायला गेलो. भर दुपारी, त्रेचाळीस अंशांत, ती शेळी माठासारखी गार होती.

तात्यासाहेब रागावले नाहीत. कट्ट्यावर बसून सुपारी कातरत त्यांनी एक कहाणी सांगितली. पेरूखाली म्हणे जुन्या नहरीच्या, म्हणजे जमिनीखालून पाणी नेणाऱ्या बोगद्याच्या, एका फाट्याचं तोंड आहे. त्यांच्या वडिलांच्या काळात गाळ काढायला सांडू नावाचा माणूस आत उतरला होता. संध्याकाळ झाली, गडी घरी गेले, वडिलांनी तोंडावर शिळा बसवून घेतली. "आत मानूस हाय का, हे कुनी इचारलंच नाय," ते म्हणाले. मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "त्याला ऊब लागती. बाईला तिथं बसू देऊ नका."

सुशिक्षित माणसाला असल्या कहाण्या ऐकाव्या लागणं ही खरी शिक्षा आहे. मी म्हटलं, इतकी भीती असेल तर तुम्ही स्वतः बसून दाखवा. मग मी विश्वास ठेवीन. सून समोर होती. त्यांनी अडकित्ता पुन्हा उचलला.

४ मे

डाग आता गोल नाही. लांबट आहे, खाली चार खुंट. बघणाऱ्याला शेळी वाटावी. डोळ्यांनी पाहिलं तर तिथे काहीच नाही. मनाला आकार शोधायची सवय असते, ढगांत हत्ती दिसतात तसं.

७ मे

तात्यासाहेब गेले. जेवणानंतर बाज उचलून ते आमच्या पेरूखाली येऊन आडवे झाले होते, मला दाखवायला. अश्लेषा आत शिकवत होती, मी कारखान्यात. डॉक्टर म्हणाले उष्माघात. तिरडीवर ठेवताना मी पायांकडून धरलं होतं. उष्माघाताने गेलेल्या माणसाचे पाय असे नसतात. बोटं बधिर झाली माझी.

हट्टी म्हातारा. कोणी सांगितलं होतं.

मीच सांगितलं होतं.

१० मे

डागाचा आकार बदलला. रुंद, बसलेला, डोक्याजागी मोठा गोळा, फेटा बांधल्यासारखा. मी पडदा बंद केला. पुन्हा लावला. तसाच.

अश्लेषाला म्हटलं, बागेत बसायचं बंद. का, तर कारण सांगता येईना. ती म्हणाली, गावाला हसणारा माणूस आता स्वतःच गावासारखा बोलतोय. मला राग आला. खुर्ची आत आणली नाही.

१३ मे

पडद्यावर अश्लेषा, पेरूखालीच. तेहतीस. परवा पस्तीस होती. सेन्सर सरकलाय, उन्हाने होतं असं. सगळ्या आकड्यांत तीन मिळवले. आता ती छत्तीस दाखवते.

झालं ठीक.

१५ मे

पुन्हा तेहतीस. म्हणजे माझे तीन धरून. मूळचे तीस.

रात्रीच्या जेवणाला हात लागला तिचा. गार. म्हणाली, बरंच वाटतंय की. गीताबाईंनी तिच्या ओठांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. यांच्याकडून बोलणी ऐकायचीच राहिलीत आता.

१६ मे

कळलं. सेन्सर सरकलेला नाही. चौकोनात जे असेल त्याची सरासरी — मीच लिहिलंय वर. एका चौकोनात ती एकटी नव्हती. तो मोठा डाग तिच्या खुर्चीच्या मागे नाही आता. तो तिच्यात बसतो. तिच्याएवढा. फेटा नाही. वेणी आहे.

आणि मी आकडे दुरुस्त करत बसलो.

मिळवलेले तीन काढून टाकले. रविवारी पुण्याला जायचं ठरवलंय. तिने ऐकून घेतलं. थंडी वाजते म्हणून या मेमध्ये शाल मागितली.

१८ मे, रविवार

सकाळी ती दारातून काहीतरी सांगत होती. मी बॅगा भरत होतो, हं म्हटलं. ऐकलं नाही. माझी जुनी खोड, ती बोलते आणि मी हं म्हणतो.

दुपारी पडद्यावर पाहिलं तर ती पेरूखाली. आकडा एकोणीस. पूर्ण एकोणीस.

डोळ्यांनीही दिसली. शाल, वेणी, खाली घातलेली मान. धावलो. उचलून आणली. ओझं केवढं, भिजलेल्या पोत्यासारखं. केसांतून पाणी गळत होतं. पलंगावर ठेवली, दोन गोधड्या, रजई, गरम पाण्याची पिशवी. बोलत नाही. हात धरून बसलोय. अश्लेषा, मला माफ कर. गावाचं सोड, मी तुझंच कधी ऐकून —

पिशवी लगेच गार झाली. दुसरी भरली. तीही —

ॲम्ब्युलन्सला फोन केला. निघालेत म्हणाले.

लॅपटॉप इथेच आहे. पडद्यावर पेरूखाली काही नाही. पहिल्यांदाच. सगळं पिवळं. गेलं ते.

फाटकाजवळ काहीतरी हललं. दोन आकार. एक पस्तीस. दुसरा चौतीस. माणसं. चालत येतायत.

खिडकीशी आलो. गीताबाई आहेत. आणि त्यांच्या दंडाला धरून, हातात औषधाची पिशवी —

डॉक्टरकडे जाते म्हणाली होती. सकाळी. हेच सांगत होती.

मग पलंगावर

रजई सरकल्याचा आवाज. मागे बघत नाही. बघणार नाही. मानेवर गार लागतंय. ओरडलो तर तोंडातून वाफ. आवाज नाही. जबडा हलत नाही. बोटं हलतात अजून, थोडी.

ती पायरीपर्यंत आलीय. माझ्याकडे बघून हसली.

कागदावर मोठं लिहितो, काचेला लावतो. आत येऊ नको म्हणून. एवढं लिहून झालं की

अश्लेषा

आत ये