लाख माणसांच्या मैदानाशेजारी

ॲन आर्बर,
ऑक्टोबर २००६

प्रिय प्रतिमास, ताईचा सप्रेम जय भीम.

फोनवर तू एकच विचारतेस, ताई, कधी येतेस? आणि लहू समोरच बसलेला असतो, म्हणून मी आपली थंडीचं सांगत बसते. आज घरात कोणी नाही, तर कागद घेतला. चौथीतून शाळा सुटलेली मी, काना-मात्रा तू सांभाळून घे. लहूनं मला इथेच कायमची ठेवायचं मनात घेतलंय. नोव्हेंबरात माझे कागद भरणार आहे. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पोरगं इतकं प्रेमानं बोलतं की तोंड उघडत नाही बघ.

पण आधी गंमत ऐक. आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर कॉलेजचं फुटबॉलचं मैदान आहे. पायानं खेळायचं नव्हे, इथला फुटबॉल हातात धरून पळायचा असतो, काहून ते विचारू नको. त्या मैदानात लाखाच्या वर माणूस बसतो! गावात जेवढी वस्ती, जवळजवळ तेवढी माणसं त्या एका खड्ड्यात. हो, खड्डाच. बाहेरून काही दिसत नाही, आत उतरत जाणाऱ्या पायऱ्या. आणि डेट्रॉइटला, म्हणजे मोठ्या शहरात, पगारी खेळाडूंचं मैदान आहे, त्यात याच्या दोन तृतीयांशही मावत नाहीत. मला वाटलं सूनबाई उलटं सांगतेय. पोरांच्या खेळाला मोठं मैदान आणि नावाजलेल्यांना लहान, असं कुठे असतं का?

शेजारची बेट्टीबाई माझ्याच वयाची, तिचेही गुडघे गेलेले. तिनं सांगितलं आणि सूनबाईनं, संघमित्रानं, मला मराठीत करून दिलं. पगारी संघाला मालक असतो म्हणे. मालकाला बघणाऱ्यांसाठी पाठ टेकायची खुर्ची हवी, वर छप्पर हवं, श्रीमंतांना काचेच्या खोल्या हव्यात, त्यात जागा जाते. त्याची मोठी कमाई टीव्हीवरून. उगाच मोठं मैदान बांधलं आणि खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर खेळ त्या भागातल्या टीव्हीवर दाखवतच नाहीत, मग पंचाईत. कॉलेजच्या मैदानाला मालक नाही. तिथे शिकून गेलेला माणूस म्हातारा झाला तरी त्याला ते आपलं वाटतं, तो पोरानातवंडांना घेऊन येतो. वर्षाकाठी सहा-सातच खेळ होतात, म्हणून सगळे एकदम लोटतात. आणि खुर्च्या कुठल्या, लांबच लांब बाक! त्यावर हातभर अंतरानं आकडे रंगवलेत, जाडा माणूस आला की सगळी रांग कुरकुरत सरकते. गर्दी वाढेल तशा ओळी वाढवत गेले. आता इथेही काचेच्या खोल्या करायचं चाललंय, म्हणून बेट्टीबाई चिडलेली आहे. तिचा नवरा पन्नास वर्षं त्या बाकावर बसला, तोही आता नाही. ती जात नाही, रेडिओ लावून अंगणात बसते.

मी तिला म्हटलं, बाई, बाक काढलात तर आणखी मावतील. आमच्या दीक्षाभूमीवर बाकही नसतो, भुईवर बसतात, म्हणून लाखोंनी बसतात. पहिल्या वर्षी तू आबांच्या खांद्यावर होतीस आणि मी त्यांचं धोतर धरून, आठवतं? तुला काय आठवणार, तू झोपली होतीस.

तर एका शनिवारी खेळ होता, सकाळपासून माणसंच माणसं. निळे-पिवळे कपडे, गाड्या लोकांच्या अंगणात लावलेल्या, म्हातारे, तान्ही पोरं, सगळे आमच्या दारावरून चालत. मला राहवेना गं. इतकी माणसं दारावरून जातात आणि आपण नुसतं बघायचं? मोठं पातेलं चढवलं, आलं ठेचून चहा केला, टेबल फुटपाथला लावलं आणि या, या करत वाटत सुटले. लोक आधी बिचकले, मग रांग लागली! एकानं कपाखाली डॉलर ठेवला, तर मी गुडघे धरून, पदर खोचून त्याच्यामागे धावले. त्याला वाटलं काहीतरी चुकलं, बिचारा हात जोडून उभा राहिला. उपासना नऊ वर्षांची, दारातून ओरडते, आज्जी, प्लीज स्टॉप, धिस इज सो एम्बॅरसिंग! आणि पाच मिनिटांनी तीच कप भरू लागली. प्रतिमा, इतका आनंद मला या देशात आल्यापासून झाला नव्हता.

संध्याकाळी लहू दुकानातून आला आणि डोक्याला हात लावला. म्हणाला, आई, हे नागपूर नाही, इथे लायसन लागतं, कुणाचं पोट बिघडलं तर कोर्टात खेचतील. तू दमायचं नाहीस, तुला आरामाला आणलंय. रागावला नाही, पाय चेपून दिले. पण पुढच्या शनिवारी टेबल गराजमध्ये होतं आणि मी खिडकीत.

आराम फार झाला गं. सकाळी आठला तिघं जातात, मग भिंती आणि मी. नात गोड आहे, सूनबाई लेकीसारखी आहे, कुणाला नाव ठेवायला जागा नाही. त्यानंच जास्त थकायला होतं. दरवर्षी दीक्षाभूमीवर भोजनदानाला आपण दोघी, आणि पन्नासाव्याच वर्षी तू एकटी उभी राहिलीस आणि मी इथे मऊ सोफ्यावर. भात कमी पडला का? भाजीत तिखट कुणी पाहिलं?

आता मुद्द्याचं लिहिते. मी स्वतः जाते म्हटलं तर लहूला लागेल, आपलंच काही कमी पडलं असं त्याला वाटेल. तू त्याला फोन कर. आजारपणाचं सोंग नको, खोटं बोलायचं नाही. एवढंच सांग की ताईशिवाय माझ्या एकटीनं होत नाही. तुझं तो ऐकेल. पण बाई, तसं खरंच असेल तरच कर. यंदा सगळं नीट पार पडलं असेल, सुना-पोरींनी हात लावला असेल, माझी कुणाला आठवणही झाली नसेल, तर फोन करू नकोस. मी समजेन, आणि नोव्हेंबरात कागदावर सही करीन.

तुझ्या फोनची वाट पाहणारी,
तुझीच ताई