गाली म्हणजे वारा

विशाखापट्टणम, १५ ऑक्टोबर २०१४

माय,
इथूनच तुझ्या पाया पडते. मी धडधाकट आहे, हे पहिले वाच.

वादळानं टॉवर पाडले, म्हणून फोन लागत नाई. हे पत्र वडशाले येणाऱ्या ट्रकवाल्याजवळ देऊन राह्यली.

इतवारी घरमालकीण गच्चीवरच्या माझ्या खोलीत "गाली! गाली!" ओरडत आली. मले वाटलं, शिव्याच देते, मीही भांडली. तिनं हात धरून खाली ओढलं, अन् वर माझ्या खोलीचे टिन उडाले. तेलुगूत गाली म्हणजे वारा, माय!

शहरात एक झाड धड उभं नाई, समुद्रानं रस्ता खाल्ला. जेवते मात्र तिच्याच घरी.

तिकडे पाऊस आला काय? धान लोळलं तं नाई ना?

फोन लागला का पोटभर गाल्या दे. आता उलटून बोलणार नाई.

तुझी ज्योत्स्ना