आईचं राहिलेलं रडणं

पेण,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

ती. सरूताईस,

सखाचा नमस्कार. भाऊजींचे गुडघे कसे आहेत? वालाचं बी काढून ठेवलंस का? पत्र लिहायला बसलो तर सुरभी हसली, "बाबा, आत्याला व्हॉट्सॲप करा ना." म्हटलं, तुझ्या आत्याने मला ब्लॉक केलंय गो.

आईच्या तेराव्याला तू आलीस, जेवलीस, पण माझ्याशी बोलली नाहीस. बरोबर केलंस.

काल गावी गेलो होतो. शांतीकाकी अंगणातूनच म्हणाली, "तुझी आय कोनाच्या बी मयताला जायची नि त्याचा सगला जनम रडून सांगायची. तिलाच मुकी धाडलीस रं?" चहा न घेताच परतलो.

ताई, आई गेली त्या दिवशी मी तुझ्या कानाशी येऊन म्हणालो, "हळू रड, सोसायटी आहे." ते खोटं होतं. या सोसायटीत गणपतीला डीजे लागतो, कोणी हूं की चूं करत नाय.

माझे कान किती तिखट आहेत, तुला ठाऊक आहे. तू आईच्या उशाशी बसून हेल काढलास, "पहाटंची उठलीस गो आये, डोकीवर चुंबळ घेतलीस गो..." आणि मागे माझ्या कंपनीचे साहेब विचारत होते, "ये क्या बोल रही हैं?" शेजारच्या नम्रतावहिनी त्यांना अर्थ सांगायला लागल्या.

या साहेबांना मी सांगून ठेवलं होतं, आमचा स्वतःचा गणपतींचा कारखाना होता. आई दुसऱ्याच्या कारखान्यात शाडूची पोती डोक्यावरून वाहायची, हे तुझ्या पुढच्याच ओळीत आलं असतं. म्हणून तुला गप्प केलं. आई समोर आडवी होती, आणि मी माझी अब्रू सांभाळत होतो.

परवा गाडीत एकटा होतो, तेव्हा मीच सूर धरून बघितला. पहिली ओळ जमली. पुढची माहीत होती, पण तोंडातून निघेना.

शनिवारी आईचा महिना. त्याच साहेबांना, त्याच शेजाऱ्यांना जेवायला बोलावलंय. तू ये. दारं-खिडक्या उघड्या ठेवतो. पोती, कारखाना, मालकाच्या शिव्या, काही गाळू नकोस. साहेबांना कळलं नाय, तर या वेळी अर्थ मी सांगेन.

तुझी वाट बघणारा,
आपल्या सगुणाआयचा सखा